हातगुणाची चौकशी

नकलाकाराची आठवण म्हटल्यावर तुम्ही हसायच्या तयारीनं बसला असाल. गोष्टीत डॉक्टर आहे, म्हणजे कुणीतरी मरणार, असंही वाटलं असेल. कुणी मरत नाही. मेलो असतो तर मीच, भीतीनं.

नाशकात मी मामांकडे राहायचो. सिन्नरच्या शाळेत चार इंग्रजी यत्ता कशाबशा करून आलेलो. बाकी विद्या सगळी नकलांची. मामा डॉक्टर. पेशंटची पापणी खाली ओढायचे, घसा खाकरायचे आणि त्यानं तोंड उघडायच्या आत म्हणायचे, "बरं वाटतंय ना? वाटतंय. वाटणारच!" त्या वर्षी गणपतीच्या मेळ्यात मी तेच केलं. माझा एक मित्र म्हातारी होऊन मेल्यासारखा पडला, मी नुसता खाकरलो, तर तो उठून नाचायलाच लागला. मग मी लोकांना म्हणालो, "याला म्हणतात हातगुण! दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं तर खुशाल जा, फक्त चार खांदेकरी बरोबर न्या!" टाळ्या थांबेनात. मामा पहिल्या रांगेत, तेही हसत होते.

दिवाळीच्या आधी मुंबईहून पाकीट आलं. डॉक्टरांवर देखरेख करणाऱ्या कौन्सिलीकडे कुणीतरी तक्रार केली होती: हे डॉक्टर भाच्याला मेळ्यात उभं करून स्वतःची जाहिरात करतात, बाकीच्यांची बदनामी करतात.

"मामा, जाहिरात तर साबणाचीपण असते," मी म्हणालो.

"साबणाला चालते. डॉक्टरला नाही." आवाज इतका बारीक, की मला त्याची नक्कल सुचेना. "शाबीत झालं तर नोंदणीतून नाव काढतील."

"म्हणजे?"

"म्हणजे पाटी उतरवायची. साध्या तापाचा दाखलासुद्धा माझ्या सहीनं चालायचा नाही."

तेव्हापासून दारावर थाप पडली की मामी हातातलं लाटणं तसंच धरून उभी राहायची. मामा पेशंटला "बरं वाटतंय ना?" विचारून आता खरंच उत्तराची वाट बघायचे. ते बघून मला जास्त भीती वाटायची.

चौकशी इथल्याच बड्या सरकारी डॉक्टरांकडे आली. त्यांच्या बंगल्यावर मामा खुर्चीच्या टोकावर, मी उभा.

"वाक्यं कुणी लिहून दिली?" साहेबांनी मला विचारलं.

"कुणी नाही साहेब. माझी मलाच सुचली."

"तुम्हाला आधी माहीत होतं?" हे मामांना.

"नाही. पण ऐकल्यावर हसलो. थांबवलं नाही."

एवढं खरं बोलायची काय गरज होती!

"कर नक्कल," साहेब म्हणाले.

पापणी ओढायला समोर कुणी नाही, म्हणून स्वतःचीच ओढली. खाकरलो तर खरा ठसका लागला. "बरं वाटतंय ना? वाटतंय..." आणि तिथंच थांबलो. खांदेकऱ्यांचं वाक्य यांच्या तोंडावर कसं म्हणू? 'दुसरे डॉक्टर' म्हणजे हेच की!

"पुढचं?"

म्हटलं. साहेबांच्या मिशीचा केससुद्धा हलला नाही.

"यांच्याकडे तू औषधाला जाशील?"

हो म्हणावं तर जाहिरात, नाही म्हणावं तर मामा शेजारीच. "साहेब, मी घरचाच. मला नाक दाबून पाजतात, विचारत नाहीत."

त्यांनी काहीतरी लिहिलं. "जा."

संक्रांत आली तेव्हा उत्तर आलं. नाव राहिलं होतं. कडक ताकीद दिली होती. पुन्हा असं घडलं तर मुंबईला सुनावणी. मामी देवासमोर बसून रडली. मी "हुश्श" केलं आणि सवयीनं मामांच्या आवाजात म्हणालो, "बरं वाटतंय ना?"

मामा गरकन वळले.

"सुटलास असं वाटतं तुला? परवा देवळालीकडचा माणूस बायकोला बैलगाडीत घालून आला. वाटेत सरकारी दवाखाना लागतो, तो ओलांडून आला! तिचं पोट दगडासारखं घट्ट. ऑपरेशनशिवाय इलाज नाही, आणि हा म्हणतो, नको, तुमचा हातगुण पुरे! कुणी सांगितलं त्याला? मी? त्याला परत त्या दवाखान्याकडे फिरवेस्तोवर माझा घाम निघाला. ती वाचली रे, पण वाटेत गेली असती तर? तुझ्या टाळ्यांनी उठून बसली असती? हसतोस काय!"

"हसत नाही मामा, तोंडच तसं आहे."

"मग ते तोंड घेऊन चालता हो माझ्यासमोरून!"