विचारल्याशिवाय हात न लावणारी

जालना जिल्ह्यात आजवर जेवढी माणसं जन्मली, त्यात आमच्या भाचीएवढं विचारून विचारून समोरच्याचा जीव खाणारं माणूस दुसरं झालं न्हाई, अन पुढं होईल असं मला वाटत न्हाई. ती माझ्या सख्ख्या बहिणीची पोरगी. सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. पण सलाइन लावून पुढच्या खाटंकडं जाणारी सिस्टर न्हाई. ज्या पोरीवर, ज्या बाईवर कोणी जबरदस्ती केली, तिला पोलीस दवाखान्यात आणतात. तिच्यापाशी बसायचं काम हिचं. तपासायला डॉक्टरीणबाई असतात. पण त्याच्या आधी त्या बाईला सगळं समजावून सांगायचं, तिची मर्जी घ्यायची, अंगावरचे कपडे, नखातली माती, पुरावा म्हणून जे काही लागतं ते एकेक जपून उचलायचं, बांधून सील करून पोलिसाच्या हातात द्यायचं, औषधपाणी बघायचं, अन पुढं कोर्टानं बोलावलं की तिथं जाऊन उभं राहायचं, हे सगळं हिच्याकडं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. असलं काही काम असतं हेच मला म्हातारपणी कळलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिला म्हणलो, "दुसरं काम देत न्हाईत का गं तुला?" ती म्हणली, "देतात की मामा. पण मंग हे कोण करील?"

तर तिची विचारायची सवय. एकदा बांधावरून येताना माझ्या टाचंत बाभळीचा काटा मोडला. ती सुट्टीला आल्ती. मी ओसरीत पाय लांब करून बसलो, ही चिमटा घेऊन समोर. "मामा, पायाला हात लावू का?" "लाव की." "आता चिमट्यानं काटा धरणार. धरू?" "धर बाई." "आता ओढते. दुखलं तर थांब म्हणा, मी थांबते." तिनं ओढला अन माझ्या तोंडून निघालं, "अगं थांब, थांब!" कोणीबी ओरडतं तसंच. तर ही खरंच थांबली. काटा अर्धा आत अर्धा बाहेर, अन ही माझ्या तोंडाकडं बघत बसलेली. "ओढ की आता!" "तुम्ही थांब म्हणलात." "अगं ते नुसतं ओरडणं होतं!" "ते मला कसं कळावं, मामा?" शेवटी मी हात जोडून "ओढ माझी माय" म्हणलो, तवा काटा निघाला. पाळण्यातलं लेकरू उचलायच्या आधीबी ही "घेऊ का?" म्हणून हात पुढं करून उभी राहती. लेकरू हसलं तर घेती, रडलं तर बाजूला होती. म्हशीखाली बसायच्या आधी म्हशीला इचारती. तिची आई, म्हणजे माझी बहीण, म्हणती, "दवाखान्यानं येडी केली माझी पोरगी. म्हैस हो म्हणंपर्यंत रेडकू उपाशी."

दुसरं येड कागदी पिशव्यांचं. प्लॅस्टिकची पिशवी दिसली की हिच्या कपाळाला आठ्या. "ओलं कापड प्लॅस्टिकात कुजतं मामा, अन कुजलं की ते काही सांगत न्हाई." कापड काय सांगणार हे मी तवा इचारलं न्हाई. आता कळतंय. राजूरच्या गणपतीला आम्ही सगळे चतुर्थीला गेल्तो. पेढेवाल्यानं प्रसाद प्लॅस्टिकात घातला तर ही तिथंच अडून बसली, "कागदात द्या." मागं ही मोठी रांग. पेढेवाला म्हणला, "ताई, पेढाच आहे, त्याला काय होतंय?" शेवटी पावतीच्या पुस्तकाचा पुठ्ठा फाडून त्यात बांधून दिला त्यानं. घरून तिच्या आईनं केलेली शेंगदाण्याची चटणी माझ्याकडं पाठवायची तरी डब्याला चारी बाजूनं चिकटपट्टी अन पट्टीवर आडवी सही. पुन्हा फोन, "मामा, डबा कोणी आणला? त्यानं मधी कुठं ठेवला होता का? पट्टी फाटली न्हाई ना?" माझी बायको म्हणली, "नणंदबाईच्या पोरीनं चटणी धाडली का जायदादीचे कागद?"

अन "का केलंस" हा सवाल तिच्या तोंडात न्हाई. शेजारचं पोरगं जांभळीवरून पडलं, सगळी गल्ली त्याच्यावर तुटून पडली, कशाला चढला, का चढला, कोणी सांगितलं होतं. ही खाली बसली अन एवढंच इचारलं, "कुठं दुखतंय रे राजा?" मी म्हणलो, अगं त्याला जरा रागव. ती म्हणली, "का गेलीस, का आलीस, हे इचारणारी माणसं दारापर्यंत रांगेत असतात मामा. मधी एक तरी न इचारणारं पाहिजे." असं काही बोलली की लगेच उठून चहा टाकायला जायची, म्हणजे पुढचं बोलणं नको.

मामानं भाचीला साडी घ्यावी हा आमच्याकडचा रिवाज. नातवाच्या बारशाला मी तिला चांगली जरीकाठाची साडी घेतली, आहेरातून आहेरात फिरणारी न्हाई, दुकानात बसून निवडलेली. तिनं साडीवरून हात फिरवला अन म्हणली, "मामा, ही परत देऊन ड्रेस आणता येतील का?" "तुझ्या मापाचे?" "न्हाई, लहानमोठ्या सगळ्या मापाचे." त्या पोरींच्या अंगावरचे कपडे पुराव्यात जातात. मंग घरी जाताना घालायला काहीतरी पाहिजे, अन ते नवंच पाहिजे, कोणाचं उतरलेलं न्हाई, असा तिचा हट्ट. सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांकडून ती आहेराच्या नावाखाली हेच मागती. लोक म्हणतात हावरट आहे. मीबी दिवसभर घुश्शात होतो. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात गेलो. दुकानदार म्हणला, "बाबा, कोणासाठी दाखवू?" मी म्हणलो, "मला माहीत न्हाई. अन माहीत व्हायला नको असंच वाटून राह्यलंय."

पण झालं माहीत. माझ्या लेकीचे सासरे राजूरच्या पुढच्या गावचे. त्यांचा मला फोन आला. त्यांची धाकटी लेक, म्हणजे माझ्या लेकीची नणंद, कॉलेजात जाती. गावातल्याच ओळखीच्या माणसानं तिच्यावर जबरदस्ती केल्ती. पोरगी घरी आली तशी आजीनं बंब पेटवला, तिला डोक्यावरून कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, तिचा ड्रेस दोनदा साबण लावून धुतला अन कुंपणावर वाळत घातला. आमच्याकडं लेकराला काही वाईट शिवलं की माय-आजी हेच करणार. त्यानंतर व्याह्यांनी पोलिसात जायचं ठरवलं. गाव नको म्हणत होतं, तरी ठरवलं, याची दाद मी त्यांना आजबी देतो. मी छाती काढून म्हणलो, "चला व्याही, माझी भाचीच तिथं आहे. जल्दी करून घेऊ."

पुढचं बरंचसं मला भाचीनं सांगितलेलं न्हाई. ती कोणाचंच सांगत न्हाई. पोरीनं तिच्या वहिनीला, माझ्या लेकीला, सांगितलं. अन लिहू का म्हणून मी त्या पोरीला लेकीच्या फोनवरून इचारलंय. ती म्हणली, "लिहा मामा. नाव नका घालू."

दवाखान्यात भाचीनं मला ओळख दिली न दिली असं केलं. "मामा, काका, तुम्ही दोघं बाहेर बसा." "अगं, मी मामा आहे." "म्हणूनच बाहेर बसा." आम्ही लिंबाखाली बसलो. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली अन म्हणली, "ती आत्ता नको म्हणते."

व्याही उठलेच. "तिला काय कळतंय? मी बाप आहे. मी सांगतो, तपासा."

"ती सज्ञान आहे, काका. तिचीच मर्जी लागते."

"अन तोवर पुरावा राहतो का?"

"कमी होत जातो."

"तुला माहीत आहे, अन तू नुसती बसून राह्यलीस?"

मीबी म्हणलो, "जरा जोर दे की गं. तिच्या भल्याचंच आहे."

भाची आमच्या दोघांपेक्षा हळू आवाजात बोलली. "तिला एकदा न इचारता हात लागलाय. आता दुसरा हात माझा न्हाई लागायचा." अन आत निघून गेली.

तिनं औषधं दिली, चहा दिला, पोरीच्या खाटंपाशी स्टूल टाकून बसली. आजीला आत घेतलं. आजी कुंपणावरचा ड्रेस पदराखाली घेऊन आल्ती अन रडून राह्यली होती, "मीच धुतला गं, माझ्या हातानं धुतला." भाची म्हणली, "आजी, तुम्ही लेकराला न्हाऊ घातलं. गुन्हा दुसऱ्यानं केला." अन तो धुतलेला ड्रेसबी तिनं कागदी पिशवीत घातला, पिशवी चिकटवली, सही केली, जसा काही तो न धुतलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी पोरगी आपण होऊन म्हणली, "तुम्ही काय काय करणार ते सांगा." भाचीनं सगळं सांगितलं, अन कुठंबी थांब म्हणलीस तर थांबू म्हणली. डॉक्टरीणबाई आल्या. मधी पोरगी थांबा म्हणली. दोघी थांबल्या. ती हो म्हणल्यावर पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबा. मंग म्हणली, "बास. आता न्हाई." ते काम तिथंच राह्यलं, अर्धं.

कोर्टात अशा केसला बाहेरच्याला आत सोडत न्हाईत. आम्ही बाकड्यावर. भाचीची साक्ष झाली, पोरीची झाली. पोरगी बाहेर आली ती थेट भाचीकडं. "ताई, त्यांच्या वकिलानं इचारलं, तपासणी अर्धी कोणी थांबवली. मी म्हणलं, मी. मी थांबा म्हणलं अन त्या थांबल्या. एवढं मी लई मोठ्यानं बोलले, ताई." त्या पोरीचा चेहरा मी बघितला. त्या दिवसानंतर ती पोरगी गावात मान वर करून चालती, हे माझी लेक सांगती. पण निकाल लागला तो त्याच्या बाजूनं. तो सुटला. कोर्टाच्या आवारात सगळ्यांसमोर व्याही मला म्हणले, "तुमच्या भाचीनं माझ्या लेकीची केस घालवली." तवापासून आमचं येणंजाणं बंद आहे. लेक मधल्यामधी. मी कोणाचं ऐकून घेणारा न्हाई, पण व्याह्यांना उलट बोललो न्हाई. भाची चुकली असं म्हणायला माझी जीभ वळत न्हाई, अन बापाच्या तोंडावर तो चुकला म्हणायलाबी वळत न्हाई.

निकालाच्या दुपारी भाची माझ्याकडं आली. दारातल्या पायरीवरच बसली. बायकोनं आत ताट वाढलं, भाकरी अन वांग्याचं भरीत. ही उठंना. तिथूनच म्हणली, "मामा, मी जरा जोर केला असता, तर तो आत असता का?"

न्हाई म्हणलो असतो तर तिला बरं वाटलं असतं. मी म्हणलो, "मला न्हाई माहीत, माय."

तिनं मान हलवली. मंग भिंतीला टेकून डोळे मिटले. ऊन पायरीवरून तिच्या पायावर आलं, तरी मी तिला उठवलं न्हाई. तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती म्हणली, "आले. तिला आतल्या खोलीत बसवा. पंखा लावा. मी येईपर्यंत कोणी काही इचारू नका." केस बांधले, चपला घातल्या.

आतून बायको म्हणली, "दोन घास खाऊन जा की गं."

मी म्हणलो, "कोण आहे?"

"माहीत न्हाई अजून मामा. जाऊन नाव इचारते."

रिक्षा कोपऱ्यावर वळली. बायकोनं तिच्या ताटावर दुसरं ताट उपडं घातलं, अन संध्याकाळपर्यंत ते आम्हा दोघांपैकी कोणीच उचललं न्हाई.