पन्नासचा आकडा मी दिलेला नाही

आमच्या घरी नवा पाहुणा आला की चहाबरोबर त्याला एक गोष्ट वाढली जाते. संगणकावरच्या फुटबॉलमध्ये मी पोटच्या मुलाला सरसकट पन्नास गुण दिले, आणि तेही त्याने सरकारी नोकरीची परीक्षा अर्धवट सोडून गुडगावची खासगी कंपनी धरली, त्याचा राग म्हणून. गोष्ट माझी पत्नी सांगते, मुलगा मान डोलावतो, पाहुणा माझ्याकडे दयेने पाहतो. ही गोष्ट खोटी आहे आणि ती खोडून काढायला मी अजून हयात आहे.

निवृत्तीनंतर दिल्लीच्या सरोजिनी नगरचे सरकारी क्वार्टर सोडून आम्ही मुलाच्या गुडगावच्या फ्लॅटमध्ये आलो. अर्थव्यवस्था नुकतीच मोकळी झाली होती आणि तिचा पहिला परिणाम इमारतींच्या नावांवर झाला होता. आमच्या सोसायटीचे नाव युरोपातल्या कुठल्याशा राजवाड्याचे होते. फाटकाबाहेर रस्ता नव्हता, म्हशी होत्या. लिफ्टमध्ये संगीत वाजे, आणि वीज गेली की लिफ्ट व संगीत दोन्ही थांबत. पाणी टँकरने येई.

रविवारी मुलाचे दोन सहकारी फुटबॉल खेळायला येत, म्हणजे खुर्चीवर बसून. त्या खेळात स्वतःचा संघ घडवता येई. प्रत्येक खेळाडूचा वेग, दम, पास, नेम यांना आकडे द्यायचे, कमाल नव्व्याण्णव. कोणी हात लावला नाही तर यंत्र सगळीकडे पन्नास ठेवी. या तिघांनी स्वतःचेच खेळाडू बनवले आणि प्रत्येकाने स्वतःला सगळ्यात नव्व्याण्णव दिले. खासगी क्षेत्रात आत्मपरीक्षणाची हीच पद्धत असावी. परिणामी तिघेही वाऱ्यासारखे धावत, मैदानाच्या कुठूनही गोल करत आणि थोड्याच वेळात जांभया देत.

अखेर मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही जन्मभर लोकांचे सीआर लिहिलेत. आमच्या सेटिंग्ज जरा नीट करून द्या ना."

सीआर म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल. वरिष्ठाने कनिष्ठाच्या कामाचे मूल्यमापन त्यात करायचे असते. माझ्या हाताखालच्या माणसाला 'चांगला' हा शेरा मिळाला तर तो पेढे वाटी. 'उत्कृष्ट' मी कोणालाच लिहिला नाही, कारण त्यानंतर माणसाला सुधारायला जागा राहत नाही.

मी काम स्वीकारले, जुना संघ पुसून तिघांच्या नावांचा नवा संघ उघडला आणि आधी निरीक्षण केले. पहिला सहकारी "बस, पाँच मिनट" असे फोनवर सांगून जेवणाच्या वेळेला उगवे; वेग अडतीस. दुसऱ्याच्या हाती भज्यांची बशी गेली की ती पुढे सरकत नसे, पास एकतीस. दोघांचे सर्व रकाने मी पुराव्यानिशी भरले. मुलाचे पान मी उघडलेही नाही.

पुढच्या रविवारी संघ पडद्यावर आला. "अंकलजी, इतना कम तो हमारा बॉस भी नहीं देता," अडतीसवाला म्हणाला. मग त्याने मुलाचे पान उघडले आणि खिदळला, "लो, बेटे को तो सीधा ॲव्हरेज कर दिया."

मुलगा हसला नाही. स्वयंपाकघरातून पत्नी म्हणाली, "अहो, त्या परीक्षेचा राग अजून धरून बसलात?"

"असू दे आई," मुलगा म्हणाला. "बाबांना जे वाटतं ते त्यांनी लिहिलं." त्याने संगणक बंद केला.

त्यानंतर रविवारची बैठक दुसऱ्या सहकाऱ्याच्या घरी भरू लागली. मुलगा माझ्याशी 'अच्छा' आणि 'चलो' एवढ्या दोन शब्दांत बोलू लागला. बाप आपल्याला सामान्य समजतो, हे त्याने त्या पडद्यावर वाचले होते. शेवटी एकदा जेवताना त्याने पानातून मान वर न करता विचारले, "बाबा, खरंच पन्नास?"

"मी तुला काहीही दिलेले नाही," मी म्हणालो. "जवळच्या नातेवाइकाचा अहवाल अधिकारी लिहीत नसतो. तो आकडा यंत्राचा आहे."



"हे तेव्हाच तोंड उघडून सांगता येत नव्हतं का?" पत्नी म्हणाली.

"मला कोणी विचारले नव्हते. थेट निष्कर्ष काढला गेला."

"मग आता लिहा," मुलगा म्हणाला. "आता कुठलं ऑफिस आणि कुठला नियम. माझ्यासमोर लिहा."

ताट तसेच ठेवून मी संगणकापुढे बसलो. तो मागे उभा राहिला. वेग: अठ्ठावन्न, कारण सकाळी त्याला तीनदा हाक मारावी लागते. नेम: एकसष्ट, ओला टॉवेल अजून दोरीवर पडत नाही. मग दमाचा रकाना आला. त्या उन्हाळ्यात वीज गेली आणि नळ कोरडे पडले की तो कामावर जाण्याआधी टँकरच्या बादल्या जिन्याने वर आणी, आईला आणि मला उठू न देता. मी नव्व्याण्णव लिहिले.

"बाबा, हे जास्त झालं," तो म्हणाला.

"अहवालावर चर्चा होत नसते. जेवायला चल."

रविवार पुन्हा आमच्याकडे भरू लागला. सहकाऱ्यांनी पक्षपाताचा आरोप केला आणि पत्नीला पाहुण्यांसाठी गोष्टीचा उत्तरार्ध मिळाला: म्हणे, माझे मन विरघळले आणि मी मायेपोटी गुण वाढवले. हेही खोटे आहे. बादल्या काठोकाठ भरलेल्या असत. मी त्या पाहिल्या आहेत. दमाचा आकडा आजही मी तोच देईन. वेगाचे अठ्ठावन्न मात्र त्याने माझ्या नकळत सत्तर केले. ते माझ्या लक्षात आलेले आहे.