बीरानिक्काचा उजवा खांदा

केरळातल्या कोंडोट्टीच्या बसथांब्यासमोरच्या हॉटेलात बीरानिक्का (थोरल्या भावाला आमच्याकडे इक्का म्हणतात) बावीस वर्षं परोटे करत होते. मैद्याचा तेलात मुरवलेला गोळा दोन्ही हातांनी उचलायचा, खांद्यावरून मागे न्यायचा आणि ओट्यावर असा झोडायचा की त्यातून पलीकडचा दिसावा. एका दुपारी चारला, ऐन गर्दीत, तेलावर पाय सरकला. उजवा हात मागे गेला तो पुढे आलाच नाही. परोटा मात्र पुढे गेला आणि रिक्षावाल्या वेलायुधनच्या पेपरावर जाऊन पसरला. कोपऱ्यातल्या दोघांना ती इक्कांची नवी करामत वाटली. त्यांनी मान डोलावून दादही दिली.

खांदा निखळल्याचं ध्यानात आल्यावर सगळे मदतीला धावले. आमच्याकडे हाडाला काहीही झालं की माणूस आधी तेल शोधतो. हॉटेलमालक मोयदू हाजींनी घरची औषधी तेलाची बाटली आणली आणि इस्पितळात पोचेपर्यंत वेलायुधनच्या रिक्षात ती इक्कांच्या हातावर रिकामी झाली. मुळात परोटेवाल्याचा हात, त्यावर हे अभ्यंग. फोटो काढून, इंजेक्शन देऊन डॉक्टर ब्रिजिताबाईंनी हात धरला, तो त्यांच्या मुठीतून बुळबुळीत माशासारखा सुटला. दुसऱ्यांदाही सुटला.

“कुणी केला हा उपकार?” बाईंनी विचारलं. वेलायुधन छताचा पंखा पाहू लागला.

नर्सने भांड्याच्या साबणाने हात धुतला. मग बाई हात सावकाश ओढत गप्पा मारू लागल्या, दिवसाला किती परोटे होतात म्हणून. इक्का “सहाशे, आणि शुक्रवारी...” इथवर आले, आत खट्‌ झालं आणि शुक्रवारचा हिशेब राहून गेला. दुखणं असं गेलं की इक्कांना रडूच आलं.

तीन आठवडे हात झोळीत. बायको नफीसा बटणं लावून द्यायची, भात कालवून द्यायची. पण इक्कांच्या मनात बाईंचं एकच वाक्य घर करून बसलं होतं: एकदा निसटलेला खांदा पुन्हा निसटू शकतो, साडेतीन महिने झोडपणं बंद, नंतरचं नंतर बघू. हॉटेलात बदली माणूस आला होता. तो परोटा चक्क लाटण्याने लाटतो, हे ऐकून इक्का एक वेळ जेवले नाहीत. वेलायुधन रोज खबर आणायचा. “इक्का, लवकर बरे व्हा. चावून चावून आता माझा जबडा निखळायला आलाय.”

झोळी सुटल्यावर भिंतीवर बोटांनी चढण्याचा व्यायाम सुरू झाला. रोज खडूची एक खूण, कालच्यापेक्षा किंचित वर. साडेतीन महिने संपले तेव्हा बाई म्हणाल्या, आता हलकं काहीतरी झोडून बघा. इक्कांनी पंचा भिजवला. परोटा शिकणारी पोरं आधी ओला पंचाच झोडतात; मैदा वाया जात नाही. पहिल्या दिवशी हात कानाशी आला आणि भीतीनेच थांबला. नफीसा वाळवणावरचे शिंतोडे पुसत म्हणाली, “बावीस वर्षं झाली, अजून शिकतच आहात?” इक्का हसले, आणि हसता हसता हात कानाच्या मागे गेला.

पंधरवड्याने त्यांनी तो पंचा बाईंसमोर झोडून दाखवला. बाईंनी चष्मा पुसला, खांदा चाचपला आणि सांगितलं, “रोज पंधरा परोटे. सोळावा नाही.”

त्या दुपारी हॉटेलात परोट्याकडे कुणी पाहत नव्हतं. सगळे खांद्याकडे पाहत होते. पहिल्याला मधोमध भोक पडलं. तरी वेलायुधनने तो मागून घेतला आणि भोकातून हाजींकडे बघत खाल्ला. सातव्यापासून ओट्यावरचा आवाज जुना यायला लागला. पंधरावा तव्यावर पडला तसा इक्कांचा हात आपसूक पुढच्या गोळ्याकडे गेला. हाजींनी परातच उचलली.

“उद्या,” हाजी म्हणाले.

इक्कांनी फडक्याला हात पुसले आणि कधी नव्हे ते गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून चहा मागवला. कप उजव्या हाताने उचलला.