घाबरल्यावानी

आमच्या घरात स्पोर्ट्सचे बूट आले ते माझ्या भीतीपायी. हौस वगैरे सगळी नंतरची.

वाशीमला आमचं कापडाचं दुकान आहे. माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, त्या दुकानातच गेले. गिऱ्हाइकाला सुटिंगचं थान उलगडून दाखवत होते आणि दाखवता दाखवता त्यावर ओणवे झाले. गिऱ्हाइकाला वाटलं, कापडाचा पोत जवळून बघताहेत. तेव्हा त्यांचं जे वय होतं, ते यांना मागच्या वर्षी लागलं आणि मला भीतीनं धरलं ते धरलंच. दुपारी दुकानातून फोन आला की मी हातातलं टाकून धावायची. फोन बहुतेक वेळा डब्यात लोणचं नाही एवढं सांगायलाच असायचा. मग मी लोणच्यावरून भांडायची, कारण भांडलं की मला जरा कमी भीती वाटते.

यांचं सगळं आयुष्य दुकानातल्या गादीवर. सकाळी नऊला बसले की जेवायलासुद्धा उठायचं नाही. थान नोकर काढून देणार, कात्री नोकर देणार, यांनी फक्त हात लांब करायचा. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून घरी येत, तेवढंच काय ते चालणं, आणि तेही स्कूटरवर. तपासणीत साखर जास्त निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तासभर जिममध्ये जा असं मी सांगणार नाही, तुम्ही जाणारही नाही. दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीन वेळा. पण एकही दिवस चुकवायचा नाही." हे हो म्हणाले आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत विसरलेसुद्धा. मी विसरणाऱ्यांतली नाही.

सकाळी गच्चीवर दहा मिनिटं, दुपारी दुकानातल्या जिन्यावर, संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा गच्चीवर, असा मी कार्यक्रम ठरवला. खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. भिंतीला तळवे लावून अंग पुढं-मागं करायचं. टाचा उचलायच्या. पुण्याला असलेल्या आमच्या मुलीनं फोनवर हे सगळं करून दाखवलं आणि मागोमाग कुरियरनं दोन ट्रॅकसूट पाठवले, माझा आमसुली आणि यांचा मोरपंखी, बाजूनं पांढरी पट्टी. सोबत बूट. यांनी आधी कापड चिमटीत धरून चोळलं.

"दोन धुण्यात गोळे येतीन याले," म्हणाले.

अर्ध्या गावाला ज्यानं लग्नाचे सूट चढवले, तो माणूस स्वतः जन्मभर पांढरा शर्ट आणि पायजम्यात. तो मोरपंखी अंगात घालायला आठवडा लागला. पण घातला. आणि मग एक दिवस दुकानातला नोकर मला हळूच सांगून गेला की शेठ दुपारी जिना चढून झाला की ट्रायल रूमच्या आरशासमोर उभे राहतात, पोट आत घेऊन. मी त्यावरून त्यांना चार दिवस छळलं.

महिन्याभरात फरकही पडला. दुपारची पेंग गेली. साखर उतरली. जमिनीवर बसून उठताना आधी भिंत शोधायचे, ती शोधेनात. सगळे खूश होते. माझी भीती मात्र तशीच, उलट तिला नवीन काम मिळालं. मी टाचा उचलायची आणि बाजूला यांचे श्वास ऐकायची. एखादा लांब श्वास घेतला की माझी मोजणी चुकायची.

गच्ची लहान पडते, आता रस्त्यावर निघू, हेही मीच काढलं. मंदिरापर्यंत जायचं आणि यायचं, दहाच मिनिटं. यांनी तीन दिवस टाळलं. मी म्हटलं, नवरदेव लाजून राह्यले. चौथ्या दिवशी सकाळी तयार झाले. थंडीचे दिवस होते. बुटांच्या नाड्या बांधून दारात उभे राहिले आणि म्हणाले,

"मले घाबरल्यावानी होऊन राह्यलं वं."

आमच्या भागात या शब्दाचे दोन अर्थ आहेत. अंगावर कुत्रं धावून आलं तरी माणूस घाबरतो, आणि छातीत धडधडून जीव कासावीस झाला तरी तो घाबरल्यावानी होते असंच म्हणतो. कुठलं घाबरणं, ते समोरच्यानं ओळखायचं. मी हसले.

"त्यात घाबरासारखं काय हाये? कपडे त हायेत ना अंगावर. पाहतीन लोक त पाहू द्या."

तेही हसले आणि पायरी उतरले.

मंदिर आलंच नाही. पाण्याच्या टाकीपाशी ते एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसले. मला वाटलं नाडी सुटली. समोरच्या अंगणात एक बाई सडा टाकत होती, ती बादली ठेवून म्हणाली, "वहिनी, भाऊचं तोंड पांढरं काहून पडलं?" मी पाहिलं. एवढ्या थंडीत कपाळावर घाम डवरला होता आणि मोरपंखी गळा ओला झाला होता. मी त्यांना हाक मारली तर त्यांनी फक्त हात वर केला, थांब म्हणून.

ऑटो मिळाला. डॉक्टर घरीच होते. ईसीजीची पट्टी काढली, जिभेखाली गोळी ठेवली आणि आत्ताच्या आत्ता अकोल्याला न्या म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

अकोल्याचा तो रस्ता मी शेकडो वेळा केला असेल, लग्नांना, साड्यांच्या खरेदीला. त्या दिवशी भाड्याच्या गाडीत तो संपेना. मालेगाव गेलं. मेडशीला एक एस.टी. रस्त्यात आडवी लागलेली, माणसं निवांत चढत होती, एका म्हातारीची पिशवी वर जाईना. आमचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला. मला त्या म्हातारीचा इतका राग आला की आजही त्याची लाज वाटते. यांचा हात माझ्या हातात होता, गार आणि ओला. मी णमोकार म्हणायला घेतला आणि मधेच अडकले. बोलायला लागले तेव्हापासून पाठ असलेला मंत्र, आणि पुढची ओळ आठवेना. पुन्हा सुरू केला, पुन्हा तिथंच अडकले. घाट उतरेपर्यंत मी पहिल्या दोन ओळीच म्हणत राहिले.

वेळेत पोचलो. एक शीर जवळजवळ बंद होती, तिथं स्टेंट टाकला. तिथल्या डॉक्टरांना मी पहिला प्रश्न विचारला तो चालण्याचा. माझ्यामुळं झालं का? ते म्हणाले, "चालण्यानं शीर बंद होत नाही हो, ती वर्षानुवर्षं होत आली. चालत होते म्हणून त्रास लवकर बाहेर दिसला. गादीवर बसून राहिले असते तर कदाचित एकदमच कळलं असतं." एकदमच म्हणजे काय ते मला समजावून सांगायची गरज नव्हती.

घरी सोडताना कागदावर औषधांच्या खाली लिहिलं होतं, आधी पाच मिनिटं चालणं, मग दहा. मी औषधं वेळेवर दिली आणि बूट तुरीच्या डाळीच्या कोठीत लपवले. यांनी विचारलं, "बूट कुठी ठेवले वं?" मी म्हटलं, धुतले, वाळून राह्यले. आठ दिवस ते वाळत होते. मुलगी फोनवर ओरडली, आई, तू त्यांना परत गादीवर बसवून मारशील. मी फोन ठेवून दिला. ती खरं बोलत होती, पण पाण्याच्या टाकीचा कोपरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. रोज मी कागद वाचायची आणि रोज उद्या म्हणायची.

शेवटी डाळ काढायला कोठी यांनीच उघडली. बूट झटकले, घातले आणि दारात उभे राहिले. मी मागून निघाले. पाच मिनिटांचं दहा झालं तोवर पंधरा दिवस गेले होते, आणि तेवढ्या दिवसांत मी त्यांच्याशी रस्त्यात एक शब्द बोलले नव्हते, फक्त श्वास ऐकत होते. त्या दिवशी टाकी ओलांडल्यावर मात्र मला राहवलं नाही.

"त्या दिवशी मी काय बोलली, ध्यानात हाये तुमच्या?"

"हाये."

"मले वाटलं, तुमी कपड्याले लाजून राह्यले."

ते थोडं चालून म्हणाले, "मले चार दिवसापासून होऊन राह्यलं होतं. दुकानाच्या जिन्यात. तुले सरळ सांगतलं असतं त तू त्याच पायी अर्धी झाली असती. म्हनून तसं म्हनलं. समजली त समजली, नाई त नाई."

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण मी कुणावर रागवणार होते? मला शब्द बरोबर ऐकू आला होता. दारात उभे होते तेव्हा त्यांचे ओठ कोरडे पडले होते, ते मी पाहिलं होतं. भासरे गेले त्याच्या आदल्या दिवशी जेवताना तेही 'घाबरल्यावानी होऊन राह्यलं' असंच म्हणाले होते, माझ्यासमोर, वाढप माझ्याच हातात होतं. क्षणभर मला सगळं कळलं, आणि कळलं त्याची इतकी भीती वाटली की मी दुसरा अर्थ धरला आणि हसले.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. रस्त्यात उभी राहून यांना सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि म्हणाले, "तू हसली, तवा मले वाटलं, काही नसीन."

चार मिनिटं उरली होती. ती आम्ही चाललो.