माझ्या नावाने बोलणारी

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी देवासला आमच्या फाटकाशी एक गाडी थांबली. धारहून आलेले आई-वडील आणि त्यांचा मुलगा. मी व्हरांड्यात केस वाळवत होते. त्या बाई मला बघून ओळखीचं हसल्या.

"हीच ती. फोटोपेक्षा बारीकच आहे हो!" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

मुलगा पायरीपाशी आला. मी काही बोलेन म्हणून थांबल्यासारखा उभा राहिला. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

आईने पाणी दिलं. बाईंनी पिशवीतून नारळ आणि खण काढून टेबलावर ठेवला. बाबांनी अगदी अदबीने विचारलं, "आपण कोण, ते लक्षात नाही आलं."

"चेष्टा करता का, भाऊ? तुमच्या लेकीनेच तर बोलावलंय. रविवारी सगळे घरी असतात, या म्हणाली."

मुलाने फोन पुढे केला. एका चॅट ॲपवरचं खातं: हिरव्या साडीतला माझा फोटो, माझं पूर्ण नाव आणि खाली चार महिन्यांचे मेसेज, एकही कॉल नाही.

तो फोटो माझ्या बायोडेटातला होता. इकडे माळव्यात मराठी घरं मोजकी, त्यामुळे आमच्या लोकांचा स्थळांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. बाबांनी त्यावर सगळं घातलं होतं. जन्मवेळ, गोत्र, कुलदैवत, आईचं माहेर, माझं ऑफिस, घराचा पत्तासुद्धा. अर्धवट माहिती दिली की लोकांना काहीतरी लपवतोय असं वाटतं, हे त्यांचं म्हणणं. फोटो नको, असं मी एकदा म्हणाले होते. "आपल्याच लोकांत आहे गं, बाहेर कुठे जातंय?" ते म्हणाले, आणि मी गप्प बसले.

मी ते मेसेज वाचायला लागले. मी इंग्रजी शाळेतली, मराठी वाचायला मला वेळ लागतो. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी एकेक ओळ सावकाश वाचत होते. मेसेजमधली ती त्याला 'अहो' म्हणत होती. पीथमपूरच्या कारखान्यात त्याची रात्रपाळी असली की जेवलात का विचारत होती. तो वडिलांवर चिडला तेव्हा तिने त्याला फार शहाणपणाने समजावलं होतं. मला तसं कुणाशी बोलता आलं असतं, असं मला वाटत नाही.

"हे मी लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"मग कोणी लिहिलं?" बाई म्हणाल्या. "हल्लीच्या मुली! फोनवर एक, घरच्यांसमोर एक."

तेव्हा मुलगा पहिल्यांदा बोलला. "एकच सांगा. लहानपणी महालक्ष्म्यांच्या जेवणाला पाहुण्यांना लाजून तुम्ही पलंगाखाली लपलात, तिथेच झोपलात आणि घरभर शोधाशोध झाली. हे खरं आहे?"

आईने हातातला ट्रे खाली ठेवला. ही गोष्ट बायोडेटात नव्हती. ती आई दरवर्षी महालक्ष्म्यांना आमच्याकडे जेवायला येणाऱ्यांना सांगते.

खोटं बोलले असते तर त्या क्षणी सुटले असते. मी म्हणाले, "हो, खरं आहे."

बाईंनी नारळ आणि खण परत पिशवीत टाकला. "धारमध्ये लोक विचारतील तेव्हा आम्ही काय सांगायचं?" असं म्हणून त्या फाटकाबाहेर पडल्या. मुलीने चार महिने बोलून ऐनवेळी हात वर केले, हेच सांगणार होत्या त्या. आमच्या मोजक्या घरांत ते पसरायला दोन दिवससुद्धा लागले नसते.

तक्रार नको, आपलंच नाव खराब होईल, असं बाबा म्हणत राहिले. माझं नाव तर दुसरीच कुणी वापरत होती. सोमवारी ऑफिसला न जाता मी पोलिसांच्या सायबर शाखेत निघाले. फाटकापर्यंत पोचले तेव्हा बाबा मागून स्कूटरची किल्ली घेऊन आले.

तिथल्या साहेबांनी विचारलं, "पैसा कितना गया?"

"कुछ नहीं गया."

"कोई गलत फोटो-वोटो? धमकी?"

"नहीं."

"तो फिर नुकसान क्या हुआ, बेटा?"

तिने काही मागितलंच नव्हतं. तीच गोष्ट मला आजही झोपू देत नाही. मी इतकंच म्हणाले, "सर, कोई मैं बनके जी रहा है." त्यांनी कागद पुढे सरकवला. ॲपच्या कंपनीकडून माहिती मागवू, वेळ लागेल. तोपर्यंत पलंगाची गोष्ट ज्यांना माहीत आहे, त्यांची नावं लिहा.

बाबा लिहायला बसले. आत्या, मावशी, वरच्या गल्लीतल्या काकू, मला बाराखडी शिकवणाऱ्या बाई. कागद उलटला तेव्हा एका नावापाशी त्यांचा हात थांबला. "यांच्याकडे येत्या गुरुवारी आपण जेवायला जाणार आहोत," ते हळूच म्हणाले. पुढची नावं मी लिहिली.

चार दिवसांत ते खातं नाहीसं झालं. कोण होतं, ते अजून कळलेलं नाही. हळदीकुंकवाला कुणी माझी हनुवटी धरून "किती गं अबोल तू" म्हणालं की मी त्या बाईच्या डोळ्यांत बघते आणि मग स्वतःचीच लाज वाटते.

रविवारी ते निघताना, तक्रारीत लागेल म्हणून मी त्या मुलाचा नंबर घेतला होता. शिक्का मारलेल्या अर्जाचा फोटो मी त्या सोमवारीच त्याला पाठवला. आईंना दाखवा, एवढंच लिहिलं. संध्याकाळी उत्तर आलं. आईने वाचलं, तिला पटलं. आम्ही कुणाला काही बोललो नाही, बोलणारही नाही. माफ करा.

माझ्या मनावरचं ओझं उतरलं. मी फोन खाली ठेवत होते, तेवढ्यात त्याचा आणखी एक मेसेज आला.

"तिचा काही पत्ता लागला, तर मला कळवाल?"