चावऱ्या कुत्र्यासकट नकाशा

जपानहून परतल्यावर लोक विचारतात, "बुलेट ट्रेन कशी होती?" आणि मी सांगत बसते आमच्या चर्चचे किस्से! एक निघाला की मागून दुसरा येतोच.

नवऱ्याची फॅक्टरी क्योतोपासून दोन तासांवर, डोंगरातल्या खेड्यात. आम्ही वसईचे, त्यामुळे सामान लावायच्या आधी चर्च शोधलं. सापडलं ते एवढंसं धर्मग्राम, म्हणजे पॅरिश! आम्हा तिघांना धरून अठरा माणसं, बहुतेक सत्तरीपुढची. एका कॅनेडियन फादरांनी फार पूर्वी आपल्या गावचं चर्च आठवून आठवून ते बांधलेलं.

*

बर्फ साचू नये म्हणून फादरांनी कॅनडासारखं उभट छप्पर केलं. बर्फ साचत नाहीच, सगळा घसरून दारात पडतो! मिस्सेची प्रार्थना संपली की आधी दार मोकळं करायचं, मग घरी. पहिल्या हिवाळ्यात मी वैतागले, तर एका आजींनी हातात फावडं दिलं. "म्हणून तर ओळखी होतात!"

खरंच झाल्या. लेक तापानं फणफणली, तेव्हा आठवडाभर आमच्या घरी आळीपाळीनं सूप येत होतं. ते मी कधी विसरणार नाही.

*

चर्चच्या वर्धापनदिनाला पुस्तिका काढायची ठरली. इतिहास-भूगोल मोरी-सानांकडे. वय चौऱ्याऐंशी, निवृत्त पोस्टमन. माझी लेक तिथल्याच जपानी शाळेतली, म्हणून टायपिंग तिच्याकडे.

"तुमचं घर ख्रिस्ती कसं झालं?" मी विचारलं.

"चर्चमध्ये स्टोव्ह होता. आई ऊब घ्यायला आली, बाबा आईला शोधायला आले, मी जेवण मागायला आलो."

"आणि फादर काय म्हणाले?"

"दार लावून घ्या!"

*

मग मोरी-सानांनी काढलेला नकाशा. प्रत्येक घरावर, चर्चपासून चालत किती मिनिटं, ते लिहिलेलं. एका वळणावर 'चावरा कुत्रा'. तो मरून तीस वर्षं झालेली!

पंधरवड्यातून एकदा येणाऱ्या नव्या फादरांनी विचारलं, "आपल्या धर्मग्रामाची हद्द कुठवर?"

"माझी सायकल जाते तिथवर," मोरी-सान म्हणाले. "गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा हद्द जरा अलीकडे घेतली."

*

पुस्तिका छापायला जायच्या आधीच आमची बदली आली. मोरी-सानांनी माझ्यादेखत रबर काढलं आणि नकाशावरचं आमचं घर खोडलं. चुकीचा पत्ता त्यांना खपत नाही.

"मेलेला कुत्रा ठेवलात, आणि आम्हाला खोडता?"

"कुत्र्यानं पत्ता बदलला नाही!"

मी हसले. घरी येऊन मात्र खूप रडले. तिथे आमची काही खूणच राहणार नव्हती.

*

गेल्या महिन्यात पुस्तिका पोस्टानं वसईला आली. नकाशात आमच्या घराची जागा कोरी. पण डाव्या कडेला, पार समासात, एक छोटंसं घर काढलेलं. लेकीनं खालची ओळ वाचून दाखवली:

"वसईचं कुटुंब. चालत किती मिनिटं, अजून मोजलेलं नाही. रविवारी त्यांना जरा उशीर होईल. दार लावू नये."