आत्यानं दुरुस्त केलेलं गाणं

केपटाऊनच्या लांगा वस्तीत पियानो म्हटलं की डुमिसाबाबा म्फेन्यानांचंच नाव निघायचं. वय चौऱ्याहत्तर. वाजवायचे जॅझ, पण डावा हात अजून गावाकडचा. त्यांची आई उहादी वाजवायची. उहादी म्हणजे भोपळा बांधलेलं धनुष्य, काडीनं छेडायचं. त्यातून मूळ सूर दोनच निघतात. ते दोन सूर बाबांच्या डाव्या हातात कायमचे मुक्कामाला आले होते. उजवा हात वाटेल तिथे हिंडून यायचा.

त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं ‘ऊठ, ऊठ’. बाबा पाच वर्षांचे असताना आई गेली. तिच्या या गाण्याची चाल तेवढी राहिली, आणि शब्दांतले हे दोनच. पुढे वर्णभेदाच्या राजवटीत देश सोडून लंडनला राहावं लागलं तेव्हा बाबांनी ते संथ, जड लयीत बसवलं. निजलेल्या देशाला घातलेली हाक! तिथले लोक डोळे पुसत ऐकायचे. परतल्यावरही प्रत्येक मैफलीचा शेवट त्यानंच व्हायचा.

त्या रविवारी दुपारी चर्चच्या सभागृहात मैफल होती. बाबांची नोफिकिले आत्या नव्वदीची. जन्मात पहिल्यांदा गावाहून केपटाऊनला आली होती, स्वतःची उहादी घोंगडीत गुंडाळून. बाबांच्या बायकोनं, थांडेकानं, तिला पहिल्या रांगेत बसवलं.

‘ऊठ, ऊठ’ सुरू झालं. सभागृह चिडीचूप. आणि आत्याचा खणखणीत आवाज आला, “कोण गेलं गं?”

बाबांचे हात थांबले. “आत्या, हे आईचं गाणं आहे.”

“तिचंच आहे. पण अरे, लग्नातलं आहे ते! जावई जेवायला बसला की उठायचं नाव घेईना. मग बायका म्हणायच्या, ‘ऊठ, ऊठ जावईबुवा, मडक्याचा तळ दिसला!’ आणि तू मयताला आल्यासारखा वाजवतोयस!”

सभागृहात हशा फुटला. मोंडे, बाबांचा बासवाला, आपल्या पुरुषभर उंच तंतुवाद्याआड तोंड लपवून हसत होता. बाबांचे कान तापले. चाळीस वर्षं! क्षणभर वाटलं, पियानोचं झाकण लावावं आणि घरी जावं.

“आत्या, लोक रडलेत या गाण्यावर.”

“रडतील नाही तर काय! इतक्या हळू उठवलंस, तर जावई अख्खा बैल संपवेल.”

आता बाबांनाच हसू आवरेना. “मग दाखव वाजवून.”

आत्यानं भोपळा छातीशी धरला आणि काडी नाचवली. सभागृहातल्या निम्म्या बायका तिच्याच मुलखातल्या. त्यांनी टाळ्या धरल्या, आणि बाबांनी इतकी वर्षं जिथे दुःखाचे भरघोस सूर ओतले होते नेमक्या तिथेच बायकांनी उलट जबाब गायला. ती जागा उत्तराची होती! डावा हात चटकन मिसळला. उजवा मात्र सारखा अडखळायचा.

“त्या उजव्याला सांग, जरा ऐकून घे,” आत्या म्हणाली.

तिसऱ्या वेळी कुठे तिनं मान डोलावली.

बाबांनी तिला परत जाऊच दिलं नाही. महिनाभर रोज सकाळी चहा झाला की दोघं पियानोपाशी. तिनं नऊ गाणी दिली. त्यांतली चार बाबा चुकीची वाजवत आले होते. एक अगदी बरोबर होतं. त्याचं आत्यालाच जास्त नवल वाटलं.

एकदा त्यांनी विचारलं, “आई सारखं तेच का गायची गं, जावयाचं?”

“तो जावई तुझा बापच ना! मी करवली होते, समोर बसलेले. तीनदा वाढून घेतलं मेल्यानं.”

बाबांना आठवत होते ते सोन्याच्या खाणीतून खोकत आलेले, अर्धी भाकरी मुलाकडे सरकवणारे वडील. तीनदा वाढून घेणारा तो तरुण त्यांना आज पहिल्यांदा भेटत होता.

पुढच्या मैफलीत एका जुन्या चाहत्यानं संथ चालीची फर्माईश केली.

“तीही वाजवीन,” बाबा म्हणाले, “पण आधी माझ्या बापाला पोटभर जेवू द्या. चला, टाळ्या धरा.”